खाकीत बांधलेली लुगडी

माझ्या सासूबाईंची दोन लुगडी मी एका स्टीलच्या डब्याच्या बदल्यात भांडेवालीला देऊन टाकली, आणि वर तो डबा बायकोला दाखवायला दारात हसत उभा राहिलो. यातलं पहिलं चुकून झालं. दुसरं मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं, हे कबूल केलेलं बरं.

आता हे असं कसं झालं, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात एकतीस वर्षं काढली. वॅगनमधून कोळसा उतरायचा, पट्ट्यावरून वर चढायचा, आणि वाटेत जेवढा उडायचा तेवढा आमच्या अंगावर बसायचा. हे सगळं अंगावर घ्यायला खाकी कपडे होते. पण ते शिवून मिळत नसत. कापड मिळायचं, दरवर्षी, जाडजूड. वर्षाला दोन जोड्या शिवल्या तरी कापड उरायचंच, आणि उरलेलं टाकून देईल ती बाई कॉलनीत राहत नव्हती. त्यामुळे कोणत्याही घरी जा, पडदे खाकी, उशांचे अभ्रे खाकी, शिलाई मशीनवरची झूल खाकी, कूलरचा हिवाळ्यातला बुरखा खाकी, पोरांची दप्तरंसुद्धा खाकी. एकदा गावाकडून आलेले माझे काका दिवाणावर टेकले. रात्रपाळी करून मी तिथेच कपड्यांसकट झोपलो होतो. मी लोड नाही, हे त्यांना मी ओरडल्यावर समजलं.

आणि जे जपून ठेवायचं, ते तर खाकीतच. त्या कापडाला कसर लागत नाही अशी कॉलनीतल्या सगळ्या बायकांची खात्री होती. आमच्याकडे लग्नाचा शालू, पोरीच्या मार्कशिटा, माझ्या बापाचा फोटो, सगळं खाकीच्या तुकड्यात, वरून नाडी बांधून.

रिटायर झालो आणि आम्ही शहरात, मनीषनगरात राहायला आलो. नव्या फ्लॅटला बायकोनं फुलाफुलांचे पडदे लावले. जुने पडदे, अभ्रे, झुली कॉलनीतच वाटून आली. जपणुकीची गाठोडी सोडली तर राहिले फक्त माझे अंगावरचे कपडे. चांगल्या अवस्थेतले सहा जोड. ते मी देऊ देईना.

"काहून ठेवता?" ती विचारायची.

"बागकामाला होतील."

बाग म्हणजे बाल्कनीतल्या तीन कुंड्या. त्यातल्या एकीत काही लावलेलं नव्हतं.

"घराले रंग देताना होतील," मी म्हणायचो. रंग द्यायला पेंटर आला, तो आपले कपडे घालून आला. मग मी म्हटलं, होळीला होतील. होळीच्या सकाळी तिनं एक शर्ट काढून माझ्या हातात दिला तर माझ्या तोंडून निघालं, "याले रंग लागला तर?"

"अवो," ती म्हणाली, "एकतीस वर्षं कोळसा लागला त्याले. तवा नाई बोलले तुम्ही."

खरं सांगायचं तर कारण एकच होतं. त्या कपड्यात गेटवरून आत जाताना मी कोण हे मला माहीत असायचं. टी-शर्ट घालून दूध आणायला जाताना ते नक्की सांगता येत नव्हतं. पण असं काही बायकोला सांगण्यापेक्षा कुंड्या बऱ्या.

यातच पोरगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली. दिवस भरत आले होते. कपाटात एक कप्पा बाळाच्या सामानाला हवा होता, आणि त्या कप्प्यात माझे सहा जोड गाठोडं होऊन बसले होते. बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "रविवारच्या आत तुमचं गाठोडं गेलं पायजे. नाई तर मी देईन, अन् मंग मले काई बोलाचं नाई."

शुक्रवारी मायलेकी तपासणीला रामदासपेठेत डॉक्टरकडे गेल्या. घरात मी एकटा. आणि खालून भांडेवालीची हाक आली. मी ठरवलं, आजच. दुसऱ्याच्या हातून जाण्यापेक्षा आपल्या हातून गेलेलं बरं. कपाट उघडलं. खाकी गाठोडं समोरच दिसलं, उचललं, आणि खाली नेलं.

शेजारी एका जुन्या चादरीत बांधलेलं दुसरं गाठोडंही होतं. त्याच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. खाकी दिसलं की ते माझं, एवढं साधं माझं गणित होतं. ज्या घरात तीस वर्षं सगळंच खाकीत बांधलं गेलं, त्या घरातल्या माणसानं असं गणित मांडावं, हेच आश्चर्य.

भांडेवाली गाठ सोडायला बसली. तिच्या धंद्यात प्रत्येक कपडा उलटासुलटा करून, उजेडाकडे धरून बघायची रीत असते. मी तिचा हात धरायचाच बाकी ठेवला. "माझ्यासमोर सोडू नका, बाई."

"काहून, भाऊ? अंदर का है?"

"जे वर आहे तेच आत. माझे नोकरीचे कपडे. एकतीस वर्षं..." आणि मी तिथे, जिन्याजवळ उभा राहून, एक छोटंसं निरोपाचं भाषण केलं. निरोपसमारंभात केलं होतं त्याहून ते चांगलं झालं असावं.

तिनं गाठोड्याचा कोपरा अंगठ्यानं चोळून पाहिला, हातावर तोललं आणि विचारलं, "डबा झाकणाचा देऊ का बिनाझाकणाचा? झाकणाच्याले माल कमी पडून राहिला."

मी म्हटलं, बिनझाकणाचा द्या. अशा वेळी झाकणावरून घासाघीस करायची नसते.

वर आलो, पंखा लावून बसलो, आणि मला आश्चर्य वाटण्याइतकं हलकं वाटायला लागलं. वाटलं होतं त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही दुखलं नव्हतं. मी चहा केला. दोन कप प्यालो. बायको आली तेव्हा मी डबा घेऊन दारात उभा होतो.

"देलं?" तिचा विश्वास बसेना. "खरंच देलं? बाई, पाह्य वं तुझा बाप!"

पोरगी सोफ्यावर टेकत म्हणाली, "बाबा, ग्रेट. झाकण कुठं आहे?"

बायको डॉक्टरची फाईल ठेवायला आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

कोळशाच्या पट्ट्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. पट्टा खडखड करतो तोवर काळजी नसते. तो गप्प झाला की चप्पल सोडून पळायचं.

"अवो," आतून आवाज आला, अगदी साधा. "तुमचं गाठोडं तं इथंच हाय."

मी आत गेलो. चादरीतलं गाठोडं सोडून ती उभी होती. माझे सहाही जोड व्यवस्थित घडी घालून समोर. वरच्या शर्टाची कॉलर माझ्याकडेच बघत होती.

"मंग मी काय देलं?"

"मायची लुगडी," ती म्हणाली.

आणि मला सगळं आठवलं. सासूबाईंनी जाण्याच्या वर्षभर आधी आपली दोन सुती लुगडी बाजूला काढून ठेवली होती. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. आपल्या नातीला त्यांनी सांगितलं होतं, "तुह्या लेकराले दुपटे मीच शिवीन. नवा कपडा लेकराच्या आंगाले टोचते." आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा नवं घालत नाहीत. घरातल्या वयस्कर माणसाच्या अंगावर विरलेलं कापडच त्याला गुंडाळतात. सासूबाई गेल्या, दुपटी शिवायची राहिली. लुगडी बायकोनं जपून ठेवली होती. कसर लागू नये म्हणून. कशात, ते सांगायला नको.

पोरगी दाराशी आली. तिला आधी हसू आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "बाबा, आजीची?" एवढंच म्हणाली.

बायकोनं आरडाओरडा केला असता तर मी थोडा सावरलो असतो. तिनं केला नाही. ती पलंगावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "घेऊन या."

मी माझं खरं गाठोडं उचललं आणि निघालो.

तळमजल्यावरच्या वहिनींना भांडेवालीचा पत्ता ठाऊक होता. पत्ता देण्याआधी त्यांनी सगळी हकिगत विचारून घेतली, हे ओघानं आलं. "सासूचं लुगडं देलं तुम्ही?" त्या म्हणाल्या. "बाप्पा! अन् बिनझाकणाच्या डब्यावर?" त्यांना दोन्हीपैकी कशाचं जास्त वाईट वाटलं कोण जाणे.

रेल्वेलाईनच्या पलीकडे वस्तीत ते घर सापडलं. अंगणभर कपड्यांचे ढीग. साड्या एकीकडे, पँटी एकीकडे, लोकरीचं एकीकडे, आणि एक पांढुरका, मऊ सुती कपड्यांचा ढीग. त्या ढिगाजवळ भांडेवालीची सून बसली होती. ती एकेक कापड उचलायची, दातांनी कड चावायची आणि टर्रकन फाडायची.

"आई फेरीवर गेली," ती म्हणाली. "दुपारचा माल टाकून गेली. तुमचं काय हाय?"

मी सांगितलं. तिनं हातातलं फाडणं थांबवलं. "खाकी गाठोडं? हव, आलं होतं ना. खाकी मी तिकडं ठेवलं. अंदरचा सूती माल याच्यात टाकला." तिनं ढिगाकडे हात केला.

"हे कुठं जातं?"

"गॅरेजमधे, कारखान्यात. किलोनं घेतेत. हात पुसायले."

मी ढिगाकडे बघत राहिलो. आमच्याकडेही यायच्या अशा चिंध्या, गोणीत भरून. ग्रीस लागलं की एक ओढायची, हात पुसायचे, फेकायची. मऊ असल्या की आम्ही म्हणायचो, आज माल चांगला आला. एकतीस वर्षांत मी किती जणांच्या आयांच्या लुगड्यांना हात पुसले असतील, याचा विचार पहिल्यांदाच डोक्यात आला, आणि तोही अशा वेळी, की विचार करायला फुरसत नव्हती.

"पाहून घ्या मंग तुमचं," सून म्हणाली. "कोणत्या रंगाचं होतं?"

आता हा प्रश्न. सासूबाईंना मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं पाहिलं, त्यांच्या हातचं खाल्लं, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलो. त्यांची लुगडी कोणत्या रंगाची असायची, विचाराल तर अंधार. बायकोला फोन करावा म्हणून खिशात हात घातला. "मायच्या लुगड्याचा रंग कोणता वं?" हे वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि हात बाहेर काढला.

मग एक आठवलं. दरवेळी सासुरवाडीला गेलो की मी वाकून नमस्कार करायचो. वाकलेल्या माणसाला काय दिसतं? पावलं आणि काठ. पावलांना भेगा, आणि त्यांच्यावर टेकलेला जांभळा काठ, त्यात बारीक पिवळी रेघ. दुसरं लुगडं सणावाराचं, त्याचा काठ विटकरी. सासूबाईंच्या चेहऱ्यापेक्षा काठ माझ्या जास्त ओळखीचे निघाले.

"जांभळा काठ," मी ओरडलो. "पिवळी रेघवाला! अन् एक विटकरी!"

आम्ही दोघं ढिगात घुसलो. काय काय हाताला लागलं त्या ढिगात! कोणाची धोतरं, कोणाचे परकर, शाळेचे शर्ट, खिशावर शाईचा डाग तसाच. जांभळा काठ खालून निघाला. पूर्ण, घडीसकट. मी तो छातीशी धरला तशी सून हसली. "भाऊ, धुळीचं हाय, शर्ट खराब होईल." माझ्या शर्टाची काळजी कोणी करावी, असा एक दिवस माझ्या आयुष्यात आला खरा.

विटकरी मात्र मिळेना. ढीग पालथा घातला. शेवटी तिनं आपल्या मांडीखालून एक कापड ओढलं, मघाशी मी आलो तेव्हा ती फाडत होती ते. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. काठ विटकरी.

"आताच फाडलं, भाऊ," ती खाली मान घालून म्हणाली. "दोन मिनिटं आधी आले असते तं..."

दोन मिनिटं मी तळमजल्यावरच्या वहिनींना डब्याचं सांगण्यात घालवली होती.

तेवढ्यात टोपली डोक्यावर घेऊन भांडेवाली परतली. अंगणातला प्रकार बघून तिनं कमरेवर हात ठेवले. "टोपलीत गेलेला माल वापस नाई येत, भाऊ. धंदा हाय. डबा आणला का?"

डबा मी आणलाच नव्हता. तो घरी चहाच्या कपांजवळ होता. मी माझं गाठोडं पुढे सरकवलं. "हे घ्या. मघाशी द्यायचं होतं ते हेच."

यावेळी तिनं गाठ सोडली. मीच म्हटलं, सोडा. तिनं एकेक शर्ट उजेडाकडे धरला आणि मी माझ्या एकतीस वर्षांची छाननी बघत बसलो.

"हे इथं जळलं हाय."

"ठिणगी उडाली होती. वेल्डिंग चालू होतं."

"बटन दुसरंच हाय हे."

"ते पट्ट्यात अडकून तुटलं. शर्टाचं तुटलं म्हणून बरं, नाहीतर..."

"मले स्टोरी नोका सांगू, भाऊ. पँटीची चेन चालते का?"

चालत होती. मी स्वतः चालवून दाखवली. मग लक्षात आलं, की मी माझा माल विकतोय, आणि तो खपावा म्हणून जीव तोडून बोलतोय. वर्षभर जे कपडे द्यायला तयार नव्हतो, ते तिनं नाकारू नयेत म्हणून माझ्या कपाळाला घाम आला होता.

तिनं हाक मारली तसा घरातून तिचा मुलगा आला. तो ऑटो चालवतो. त्याला खाकी शर्ट लागतो, आणि त्याचा फाटला होता. त्यानं माझा एक अंगात घातला, बाह्या सारख्या केल्या, आपल्या बायकोकडे, म्हणजे त्या सुनेकडे, पाहिलं. तिनं मान हलवली. मला तो शर्ट पोटावर ताणला जायचा. त्याच्या अंगावर तो असा बसला, जणू त्याच्याच मापानं शिवला होता. मला वाईट वाटेल असं मला वाटलं. वाटलं नाही. उलट पाठीवरून काहीतरी उतरलं. आता त्या शर्टाला काम होतं. मला नव्हतं, आणि नसलं तरी चालणार होतं. दोघांचंही बरं झालं.

भांडेवाली शेवटच्या शर्टाची कॉलर उलटी करून बघत होती. "भाऊ, कोळशाचे कपडे म्हणता, अन् कॉलर अशी साफ! कोण धूत होतं?"

"बायको."

"मेहनतीची हाय बाई." तिनं लुगडी उचलून माझ्या हातात दिली, एक पूर्ण आणि एक दोन तुकड्यांत. "न्या. डबाबी राहू द्या."

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. पोरगी बाल्कनीतून बघत होती. मी खालूनच लुगडी वर धरून दाखवली, आणि ती आतमध्ये ओरडली, "आई, मिळाली!" तळमजल्याच्या खिडकीतूनही कोणीतरी "मिळाली का?" असं विचारलं. मी मान हलवली. एवढी मोकळी मान मी बऱ्याच दिवसांत हलवली नव्हती.

बायकोनं लुगडी घेतली. जांभळा काठ बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, आणि डोळे मिटून एक श्वास घेतला. मग विटकरी उलगडलं. दोन तुकडे दोन हातात आले.

"ते... तिच्या सुनेनं," मी घाईघाईनं सुरू केलं, "मी दोन मिनिटं आधी पोचलो असतो तर... खालच्या वहिनींनी मला..."

ती हसली. कपाट उघडल्यापासून पहिल्यांदा. "दुपट्याले फाडाच लागते ना ते. बाकीचं कशाले सांगता? तेवढं काम वाचलं."

पोरगीही हसली. एवढी, की पोट धरून सोफ्यावर बसली आणि म्हणाली, आता हसवू नका, नाहीतर आजच दवाखान्यात जावं लागेल.

बायकोनं सुईदोरा आणला, कात्री आणली, जमिनीवर चादर टाकली. जांभळ्या काठाचं लुगडं माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, बरोबर हातभर मोजून फाडा, मी शिवते. मी कड हातात धरली. फाडायला हात धजेना. सासूबाईंच्या पावलांवर टेकलेला काठ तो. एवढी पळापळ करून परत आणलेला. मी तसाच बसलो, कड धरून.

तिनं सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं.

"अवो, माय असती तं आतापावेतो फाडून, शिवून, धुऊन वाळूबी घातले असते तिनं. तुम्ही निस्तेच धरून बसले."